जवाहर गेट ते वैजेश्वर घाट: पवनीचा एक रस्ता, पायी पायी

पहिला दिवस: वेशीपर्यंत आणि वेशीच्या आत थोडंसं

पुतणीचं लग्न फाल्गुनात धरलं आहे. बस्ता नागपूरला बांधायचा, सोनं हिंगणघाटला करायचं, हे घरातल्या माणसांनी बसून ठरवून टाकलं. उरलं बांबूचं सूप, झाल, परड्या, आंदणाचा पाणी भरायचा पितळी गुंड, आणि आत्याबाईंना स्वतःसाठी हवं असलेलं कोशाचं लुगडं. "हे मॉलात भेटत नाही, आन भेटलं तरी मले नाही पायजे," असं त्यांनी सांगून टाकलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे ठीक, जीभ त्याहून ठीक. त्यांच्या डोक्यात भंडारा जिल्ह्यातली पवनी होती, कारण त्यांच्या आईचं लग्नातलं लुगडं पवनीचं होतं. माझ्याही डोक्यात पवनीच होती, पण कारण वेगळं. तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा असं हे गाव. वेशीतून आत शिरायचं आणि उताराला लागायचं, की रस्ता आपोआप नदीवर नेऊन सोडतो. अशा गावात वाटाड्या लागत नाही. नाही म्हणायला वेळ लागतो, आणि तो आमच्याजवळ होता. कापसाचा पहिला वेचा झाला होता, दुसऱ्याला अवकाश होता.

आमच्याकडून उमरेडला जायचं तर समुद्रपूर, गिरड ही वाट. एसटीत मला अर्धं तिकीट, आत्याबाईंना ते पण नाही. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं तर त्यांनी बटव्यातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, वर रबर लावलेलं कार्ड काढलं, आणि त्यानं ते परत देईस्तोवर हात पुढेच धरून ठेवला. गिरडच्या टेकडीवरच्या बाबा फरीदच्या दर्ग्याला खिडकीतूनच हात जोडले. उमरेडला कोळशाच्या खाणीचे ढिगारे दिसले, तिथं गाडी बदलली.

उमरेडच्या पुढं जमीन बदलते. आमची काळी कपाशीची वावरं मागं पडतात, सागाचं जंगल लागतं. हे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. इथल्या जय वाघाचं नाव आमच्याकडच्या पोट्ट्यांनाही पाठ होतं. २०१६ च्या एप्रिलपासून तो कुणाला दिसला नाही. गाडीतल्या एका आजोबांनी, तो कुठं गेला असेल याविषयीचं आपलं मत अर्ध्या बसला ऐकवलं. आत्याबाई म्हणाल्या, "वाघ म्हातारा झाला का जातेच कोठी तरी." विषय मिटला.

भिवापूरला गाडी थांबली आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं नाकात झणका बसला. भिवापुरी मिरची बुटकी, जाड सालीची, रंगाला गडद. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, बाया ओळीनं बसून मिरचीचे देठ खुडत होत्या, तोंडाला पदर घट्ट बांधलेला, हात मात्र उघडे. संध्याकाळी ते हात कशानं धुतात हे मी चहाच्या टपरीवरच्या बाईला विचारलं. "धुतल्यानं का होते जी?" एवढंच ती म्हणाली. मिरची परतताना घ्यायची असं ठरवलं, उगाच तीन दिवस ओझं कशाला. इथूनच जाणारी नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी बंद झाली. तेव्हापासून पवनीकडं जाणारा सगळा भार एसटी आणि काळीपिवळीवर.

पवनीत उतरलो तेव्हा दुपार कलली होती. आमच्या गावच्या शाळेत पूर्वी असलेल्या मॅडमचं माहेर इथलं, त्यांच्याकडं मुक्काम. चहा झाला, पिशव्या टेकवल्या आणि लगेच निघालो. मॅडमच्या भावजयीनं मुलाला सोबत द्यायची तयारी दाखवली. आत्याबाईंनी नको म्हटलं: "पोट्टा सोबत असला का दुकानदार भाव वाढवते. त्याले वाटते पाहुणे होत."

जवाहर गेट हे नाव अलीकडचं, वेस जुनी. घडीव दगडांची उंच कमान, खालून एका वेळी एकच मोठं वाहन जाईल एवढीच वाट. समोरून ट्रॅक्टर आला की इकडच्या सगळ्यांनी थांबायचं, हा इथला न लिहिलेला कायदा. वेशीच्या दोन्ही अंगांना तटाचा मातीचा उंचवटा आणि त्याच्या पायथ्याशी खंदक. काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी बेशरमाची झुडपं, काही ठिकाणी सरळ कचरा. खंदक पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या रुंदीचा. एवढी माती नुसत्या टोपल्यांनी उपसली असेल, तर त्या वेळी बुरडांना किती काम मिळालं असेल.

वेशीबाहेर आणि वेशीआत दोन वेगळे बाजार आहेत. बाहेर स्टँडकडच्या अंगाला कृषी केंद्रं, मोबाइलची दुकानं, ट्रॅक्टरचे पार्ट, रेडीमेड कपडे. जे जे कंपनीतून खोक्यात भरून येतं ते बाहेर. आत शिरलं की किराणा, सराफ, भांडी, बांगड्या, पूजेचं सामान. आणि नदीकडं जावं तसतसा माल हाताचा होत जातो. हे मी पहिल्या संध्याकाळी ताडलं आणि दुसऱ्या दिवशी ते खरं निघालं. पण एक सांगते, वेशीआतली बरीच दुकानं आता लवकर बंद होतात. गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, गाडी उभी करायला बाहेर जागा असते, मग आत कोण येणार? एका सराफानं हे अगदी शांतपणे सांगितलं आणि पुढं म्हणाला, त्याच्या मुलानंही बाहेरच गाळा घेतला आहे.

त्या संध्याकाळी आम्ही गांधी चौकापर्यंतच गेलो, कारण भांड्यांचं दुकान लागलं. भंडारा जिल्ह्याचं पितळ विदर्भभर नावाजलेलं. आमच्या घरचे जुने गंज, कोपर सगळे इकडूनच आलेले. दुकानदार पन्नाशीचा, गल्ल्यावर बसून.

"का पायजे जी माय?"

"गुंड दाखव बापा. ठोक्याचा. साच्याचा नको दाखवू."

त्यानं आधी साच्याचाच दाखवला. त्याचा चुकीचा अंदाज असा की म्हातारीला फरक कळणार नाही. आत्याबाईंनी गुंड हातात घेतला, काठावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि काही न बोलता खाली ठेवला. दुसरा घेतला, तोही ठेवला. मग त्यानं आतल्या खोलीतून मठार केलेला गुंड आणला. हातोडीच्या एकाशेजारी एक, सारख्या गोल खुणा, त्यावर उजेड पडला की अख्खं भांडं चमचम करतं. आत्याबाईंनी पुन्हा टकटक केलं. या वेळी नाद लांब गेला, चौकातल्या एका माणसानं मान वळवून पाहिलं. त्यांनी गळ्याशी, जिथं वरचा भाग खालच्या भागाला जोडतात, तिथं बोट आतून फिरवलं. जोड बोटाला लागला नाही पाहिजे. नखाला अडकला तर पुढं तिथंच पाणी झिरपतं. नाही अडकला. मग भाव. पितळ किलोवर मिळतं आणि घडणावळ त्यात धरलेली असते, त्यामुळं घासाघीस करायला जागा थोडी. पण मोड देऊन नवं घ्यायची रीत अजून आहे. आत्याबाईंनी पिशवीतून फुटका तांब्या आणि दोन दबलेल्या वाट्या काढल्या. त्या त्यांनी घरून आणल्या होत्या हे मला तिथंच कळलं. मोडीचा भाव त्यानं कमी लावला, त्यांनी तांब्या उचलून परत पिशवीत टाकला, त्यानं भाव वाढवला. गुंड घरी पोचला तेव्हा रात्र झाली होती. जेवायला लाखोरीच्या डाळीचा झुणका आणि तांदळाची भाकर. आमच्या ज्वारीच्या तोंडाला तांदळाची भाकर मिळमिळीत वाटते, झुणक्यानं ती भरून काढली.

दुसरा दिवस: नदीकडं

सकाळी लवकर निघालो. धुकं होतं, बांध्यांमधून धान कापून झालेलं, ठिकठिकाणी पुंजणे रचलेले. धानाच्या मुलखात हे दिवस धांदलीचे असतात. चुरणं, बारदाना, आधारभूत खरेदी केंद्रावरचा नंबर, रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण याच तीन गोष्टींवर बोलत होता. आमच्याकडं कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या नंबरावर बोलतात, इकडं धानाच्या. तक्रारीचा सूर एकच.

गांधी चौकातून पुढं रस्ता अरुंद होतो. घरं जुनी, ओट्यांची, काहींच्या लाकडी खांबांवर नक्षी शिल्लक आहे, काहींवर ऑइलपेंटचा थर. मध्ये मध्ये देवळं लागत राहतात. देवळांच्या या दाटीमुळं पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, आणि इथं पाच पावलं चाललं की हात जोडावे लागतात, त्यामुळं चालायचा वेग कुणाच्याच हातात राहत नाही. पंचमुखी गणपतीपाशी मात्र मुद्दाम थांबलो. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा एक, सर्वतोभद्र. मूर्ती एका बाजूनं पाहायची नाही, भोवती फिरायचं. एकाच पाषाणावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले गणपती, शेंदराच्या थरांनी कडा बुजलेल्या. आत्याबाईंनी फेरी मारताना प्रत्येक मुखापाशी थांबून लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून सांगितलं. एकाला सांगून भागलं असतं असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "पाच जनाईले सांगतलं का एक तरी आयकते."

माग शोधायला फार विचारावं लागलं नाही. रस्त्यावरच्या एका गल्लीतून खट-खट आवाज येत होता. एके काळी या भागात घरोघरी असा आवाज असायचा असं सगळेच सांगतात. कोष्ट्यांची ही वस्ती जुनी, रेशमी काठांच्या धोतर-लुगड्यांसाठी पवनी प्रसिद्ध होती. आता आवाज ऐकू यायला कान द्यावा लागतो. दारातून डोकावलो. साठीचे काका, खड्ड्याच्या मागावर बसलेले, पाय खड्ड्यात पावड्यांवर, कमरेपासून वरचं शरीर जमिनीच्या पातळीला. बाजूला काकू चरख्यावर कांड्या भरत होत्या. आम्ही पाहू का म्हटलं तर काकूंनी सतरंजी टाकली.

मागावर कोशाचं कापड होतं, करवतकाठी. कोसा म्हणजे टसर रेशीम. ऐनाच्या झाडांवर किडे पोसायचं काम इकडं ढीवर समाजाची माणसं पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. धाग्याचा रंग न रंगवताही मधासारखा. करवतकाठीची गंमत अशी की काठ आणि अंग वेगवेगळं विणलं जातं, पण एकाच वेळी. त्यासाठी एक नाही, तीन धोटे. डावीकडच्या काठाचा एक, मधल्या अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. काका डावा धोटा काठाच्या सीमेपर्यंत नेत, तिथं अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवत, मग मधला धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथं पुन्हा उजव्या काठाच्या धाग्याला अडकवून वळवत. दर फेऱ्याला दोन्ही कडांना एक-एक फासा. हे फासे पायरीपायरीनं पुढंमागं सरकवले की काठाच्या आतल्या कडेला करवतीसारखे दात पडतात. काठात ताणा लाल आणि बाणाही लालच, म्हणून रंग ठोस उतरतो, अंगाच्या रंगाची भेसळ त्यात होत नाही. एका फेऱ्यात फासा चुकला की दात मोडला. मी पाहत असताना काकांनी एकदा हात थांबवला, नखानं चार धागे मागं उसवले, पुन्हा विणले. मला तर चूक दिसलीच नव्हती.

"साडी उतराले किती दिवस लागते?"

"आठ-दहा. डोळे बरे असले तं."

आत्याबाईंनी लुगड्याची गोष्ट काढली. तेव्हा कळलं की मागावरचं कापड काकांना विकता येत नाही. सूत मालकाचं, माग यांचा, मजुरी साडीमागं. गिऱ्हाईकाला साडी कितीला पडते हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्या हातात काय पडतं हेही त्यांनी सांगितलं. दोन्ही आकडे मी इथं लिहीत नाही, पण फरक ऐकून आत्याबाई काही वेळ बोलल्या नाहीत. हे त्यांच्या बाबतीत क्वचित घडतं. वर नऊवारी आता कुणी विणतच नाही, सहावारीच चालते. नऊवारी पाहिजे तर मालकाला फोन करून आगाऊ रक्कम भरायची, माघात मिळेल. काकूंनी फोन लावून दिला. आत्याबाई मालकाशी बोलल्या: "काठ लाल. दात बारीक नको, चांगले दिसले पायजे. आन यायच्याच मागावर विनाचं, दुसऱ्याच्या नाही." हे शेवटचं मालकानं कबूल केलं की नाही ते मला नीट ऐकू आलं नाही. ज्यांना आजच हातात साडी हवी त्यांनी मोहाडी, आंधळगावकडं जावं, तिकडं माग जास्त आहेत.

बुरडाचं घर त्याच रस्त्यावर, आणखी खाली. अंगणात हिरवा बांबू चिरून कामट्या वाळत घातलेल्या. नवरा-बायको दोघंही कामावर. बांबू वनविभागाच्या डेपोवरून कार्डावर मिळतो, पण सगळा हिरवा आणि सरळ मिळेलच असं नाही, आणि वाळका बांबू वळत नाही, तुटतो, एवढं त्या बाईंनी हातातली कामटी वाकवून दाखवलं. लग्नाची झाल त्यांच्याकडं तयार होती. परड्यांची रास होती. सूप मात्र आत्याबाईंनी एकेक उचलून, उजेडाकडं धरून, फटी पाहून बाजूला ठेवली. शेवटी त्या म्हणाल्या, "मूठभर तांदूळ दे व माय."

बाईंनी आतून वाटीभर कणी-कोंड्यासकट तांदूळ आणले. आत्याबाई ओट्यावर बसल्या, सूप मांडीपुढं धरलं आणि पाखडायला लागल्या. दोन झटके वर, एक आडवा. कोंडा पुढच्या कडेवरून उडून बाहेर, तांदूळ मागं पाठीशी जमला, कणी मधोमध पट्टा धरून राहिली. दुसरं सूप घेतलं, त्यात कणी तांदळासोबतच मागं येत होती. "याची कड बसकी हाय," त्यांनी सांगितलं. बाईंनी सूप हातात घेऊन पाहिलं आणि हसून नवऱ्याकडं टाकलं: "घ्या, तुमचं हाय हे." पहिलं सूप आम्ही घेतलं, आणि त्यांच्या हातचं आणखी एक. किमतीत काही कमी-जास्त केलं नाही. प्लॅस्टिकचं सूप वेशीबाहेर याच्या निम्म्या भावात मिळतं आणि त्यात कोंडा चिकटून बसतो, हे ज्यानं पाखडलं त्यालाच ठाऊक. ज्याच्या घरी गिरणीतून पाखडलेलं येतं त्याला फरक पडत नाही. सूप लग्नात एकदाच लागतं म्हणून त्याचा धंदा टिकला आहे, असं ते बुरूडभाऊच म्हणाले.

त्यानंतर रस्ता संपतो आणि घाट लागतो. वैजेश्वराचं देऊळ, खाली दगडी पायऱ्या, बाजूला दिवाण घाट. वैनगंगेचं पात्र इथं रुंद आहे, पण पाणी किती हे वरती ठरतं. गोसीखुर्दचं धरण पवनीच्या वर काही किलोमीटरवर, तेहतीस दारांचं. दारं उघडली की इथल्या पायऱ्या बुडतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीचा पूर इथल्या प्रत्येकाच्या बोलण्यात आहे. एका भिंतीशी उभं राहून एका भाऊनं पाणी कुठवर आलं ते हात उंच करून दाखवलं आणि वर म्हणाला, आणखी वीतभर धरा. घाटावर धुणं चाललं होतं, दोन पोरं डोंग्यातून जाळं ओढत होती. पायऱ्यांवर एक बाई मासे घेऊन बसलेली: मरळ, झिंगे, एक मोठी वाम. आत्याबाई माळकरी. तरी त्यांनी तिन्हींचा भाव विचारला, वाम जास्त लावली म्हणून नापसंती दाखवली आणि पुढं निघाल्या. कोळीणबाईनं मला विचारलं, "घ्याची नवती तं भाव काहाले केला जी?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून पावशेर झिंगे घेतले. मॅडमच्या भावजयीनं त्याचं आलू घालून कालवण केलं. आत्याबाईंचं वेगळ्या चुलीवर.

घाटाबद्दल एक बोलायचं राहील म्हणून इथंच सांगते. नदीत नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, मग कन्हानमार्गे येतं, आणि धरणाच्या पाण्यात मिसळतं. घाटावरची माणसं आंघोळ करतात, पण पूर्वी इथलं पाणी पिण्याला भरत, आता भरत नाहीत. काशी म्हणायची तर हेही त्यात आलंच.

दुपारी जगन्नाथ टेकडी. हा आमच्या रस्त्याचा भाग नव्हे, गावाबाहेर आहे, आणि विकत घेण्यासारखं तिथं काही नाही. तरी गेलो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं इथं उत्खनन केलं, डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली. टेकडीच्या पोटातून निघाला बौद्ध स्तूप, मौर्यकाळातला, पुढं वाढवत नेलेला. व्यास एक्केचाळीस मीटरच्या घरात, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही जास्त. कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले सापडले. बुद्धकथेतल्या मुचलिंद नागाचं शिल्प सापडलं. भार वंशातल्या भगदत्त राजाचा लेख आणि महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभही पवनीचेच. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात एवढा पैसा होता की लोकांनी खांब-खांब वाटून घेऊन स्तूप उभा केला. तो पैसा कुठून आला असेल? नदी, घाट, उताराचा रस्ता आणि बाजार, दुसरं काय. आज तिथं उभं राहिलं तर टेकडी दिसते आणि बाकी सगळं वाचून आलेलं असावं लागतं. मी वाचून गेले होते. आत्याबाई सावलीत बसून परड्यांची टोकं तपासत होत्या.

संध्याकाळी जवळच्या एका खेड्यात मंडई होती. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडं गावोगाव मंडई भरते, हंगाम संपत आला होता. मोकळ्या वावरात कनाती, जिलेबीच्या कढया, उकडलेले शिंगाडे, उसाचे भारे, प्लॅस्टिकची खेळणी. मधोमध दंडार. बाईच्या वेषातले पुरुष, ढोलकी, आणि सासू-सुनेच्या भांडणावरचं एक लांबलचक प्रहसन. पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याबाई सासूच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या आणि माझ्याकडं पाहत होत्या. मी शिंगाडे सोलत राहिले. रात्री वडशाच्या मंडळीचं तिकिटाचं नाटक होतं, ते पहाटेपर्यंत चालतं. थांबायची इच्छा होती, पण मॅडमच्या भावानं गाडी काढली.

तिसरा दिवस: रुयाड, गोसी, भिवापूर

हा दिवस थोडक्यात उरकते. सकाळी रुयाडची महासमाधी भूमी पाहिली. भारत-जपानच्या सहकार्यातून उभा राहिलेला हा पांढरा स्तूप ८ फेब्रुवारी २००७ ला खुला झाला, दरवर्षी त्याच तारखेला मोठा मेळा भरतो. आदल्या दुपारी मातीतला स्तूप पाहिलेला असल्यानं हा डोळ्यांना फार नवा, फार स्वच्छ वाटला. दोन्ही एकाच तालुक्यात असणं मला आवडलं. मग गोसीच्या धरणावर. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, कालव्यांचं काम त्यानंतर किती वर्षं रेंगाळलं हे भंडारा-चंद्रपूरचे कास्तकार जास्त नीट सांगतील. आत्याबाईंना धरणात रस नव्हता. "पानी तं पानीच हाय," म्हणून त्या ऑटोतून उतरल्याच नाहीत.

दुपारी पवनीतून निघताना त्या वेशीपाशी पुन्हा उतरल्या. कासाराकडून लग्नघरच्या बायांसाठी हिरव्या बांगड्या घ्यायच्या राहिल्या होत्या. मापासाठी त्यांनी घरच्या सगळ्यांचे जुने बांगडीचे तुकडे एका दोऱ्यात ओवून आणले होते. कासारानं प्रत्येक तुकडा मापाच्या लाकडावर चढवून पाहिला आणि एकेका दोऱ्यात जोड बांधून दिले. या कामाला गुंडापेक्षा जास्त वेळ लागला.

भिवापूरला मिरची. नवा माल नुकता येऊ लागलेला, अजून पुरता वाळलेला नाही. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घालून मूठ काढली. आत्याबाईंनी एक मिरची मोडली, बिया पाहिल्या, साल बोटांत दाबून पाहिली. ओली मिरची वजनाला जड भरते, हे त्याला माहीत आणि यांनाही. शेवटी ठरलं असं की मागच्या रांगेतल्या, दोन दिवस जास्त वाळलेल्या ढिगातून घ्यायची आणि भाव मात्र पुढच्या ढिगाचा. पाच किलो घेतली. लग्नाच्या स्वयंपाकाला पुरेल असं त्यांचं म्हणणं. मला शंका आहे.

उमरेडच्या गाडीत बसलो, कापडी पिशवी सीटखाली सरकवली, आणि गाडी हलताच पुढच्या चार सीटांवरची माणसं शिंकायला लागली. कंडक्टर आला, वास घेतला, पिशवी मागच्या डिकीत टाकायला लावली आणि गुंड, दोन सुपं, झाल नि परड्या मोजून म्हणाला, "याचं लगेज लागन जी माय. तुमचं माफ हाय, सामानाचं नाही." आत्याबाईंनी आधार कार्डाची पिशवी पुन्हा काढली. त्यावर बरीच चर्चा झाली. लगेजचं तिकीट मी काढलं.